घोळ

इप्सविचच्या अलॉटमेंटवर, प्लॉट एकतीस ब,
मी घोळ पेरला.
मुद्दाम. ओळीत. सुतळी ताणून.
राईहून बारीक काळं बी वाळूत मिसळून
वर माती न ओढता, नुसतं तळव्यानं दाबलं,
कारण त्याला उजेड लागतो.

मे संपताना समितीचं पत्र :
आपल्या प्लॉटवर तण आढळलं आहे.
अठ्ठावीस दिवसांत काढावं.
डी. पेटिफर, सचिव.

मराठीत एका ओळीत भागलं असतं,
घोळ आहे, मान्य, मीच घातलाय.
इंग्रजीत दीड पान खुलासा झाला
आणि गंमत पाकिटाबाहेरच राहिली.

शेजारच्या प्लॉटवरचे हुस्नू, सायप्रसचे,
पान तोडून चावलं आणि म्हणाले, सेमिझोतू.
घट्ट दही, ठेचलेला लसूण, मीठ.
एवढं बोलून डोळे पुसले
आणि कांद्यांवर ढकललं.
कांदे अजून जमिनीत होते.

जून कोरडा. जुलैत नळीला बंदी.
टाकीवर झाऱ्यांची रांग, तळाला शेवाळ.
पेटिफरांच्या शेंगवेलांनी फुलं टाकली,
लेट्युसला आठवड्यात तुरे, पानं कडूझार,
आणि रोज संध्याकाळी ते
फाशी दिल्यासारख्या लोंबणाऱ्या वेलांपुढे
हात मागे बांधून उभे.

घोळ पसरत होता. लालसर देठ, मांसल पानं,
झारी आठवड्यातून एकदा, तीही अर्धी.
म्हणे पाणी टंचाईत आलं की हा दिवसा तोंड मिटतो,
रात्री श्वास घेतो,
घेतलेली हवा आंबट करून ठेवतो सकाळपर्यंत.
इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली मी,
ऐकीव गोष्टीवर सही करत नाही.
पहाटे पाचला तोडलेलं पान : कोवळी चिंच.
त्याच फांदीचं, संध्याकाळी सातला : जवळपास काकडी.
वहीत नोंद. तारीख, वेळ, चव.
शेरा : खरं आहे.

ऑगस्टात चार दिवस लेकीकडे ग्लासगोला गेले.
परतले तर वाफा भुईसपाट.
पेटिफरांनी केलं, आणि उपकार म्हणून केलं,
सत्तरीच्या पाठीनं, भर उन्हात,
खुरपून, तुकडे करून, ढकलगाडीत भरून
पार टोकाच्या ढिगापर्यंत नेलं.
गाडीच्या तळाला भोक होतं.

मी भांडले नाही. रडले थोडी, शेडमध्ये,
कुदळींसमोर.

मग एका रात्री वीस मिनिटं पाऊस.
तुकड्या-तुकड्याला मुळं फुटली.
एकतीस बपासून ढिगापर्यंत पायवाटेवर
गाडीच्या चाकाची हिरवी रेघ,
वळणावर थोडी जाड, जिथं ते दम खायला थांबले असतील,
आणि एक फाटा त्यांच्या स्वतःच्या फाटकाशी.

ते आले. टोपी हातात.
मरतं कसं हे, विचारलं.
मी पिशवी पुढे केली.
मूगडाळ भिजवायची, लसणाची फोडणी,
शेवटी ज्वारीचं पीठ पेरायचं.
पीठ, पेरायचं? त्यांनी पावतीमागे लिहून घेतलं,
पेरायचं या शब्दाखाली रेघ मारून.
आवडली का, ते सांगितलं नाही.
पिशवी मात्र धुऊन, घडी करून, फाटकाला अडकवलेली.

नोव्हेंबरच्या पहिल्याच कडाक्यात सगळा घोळ
एका रात्रीत काळा, बुळबुळीत.
थंडीपुढे त्याचं काही चालत नाही, तेही नोंदवलंय.
एक बोंड कागदावर फोडलं, बी मोजायला बसले.
सत्तावन्नपर्यंत आले
आणि दारावर हुस्नू : दही आणलंय,
पानं उरली आहेत का?